बोटभर कांड्यांची खाण



शाळेंत अंकगणित शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यांत काळ, काम आणि वेग यांचीं उदाहरणें घर करून राहिलेलीं असतात. दहा मजूर एक विहीर वीस दिवसांत खणतात, तर वीस मजुरांस किती दिवस लागतील? मजूर दुप्पट, म्हणून दिवस निम्मे. यासच आपण व्यस्त त्रैराशिक म्हणतों. हीं उदाहरणें फळ्यावर मांडण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. पण आज ज्या विहिरीची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तिच्यावर हें त्रैराशिक चालत नाहीं. तेथें मजूर दुप्पट झाले कीं खडकच दुप्पट कठीण होतो. विहीर पूर्वीं जितक्या वेळांत खणली जात असे तितक्याच वेळांत खणली जाते, आणि मजुरी मात्र पूर्वींइतकीच राहून दुप्पट लोकांत वांटली जाते. २०१३ सालीं देशोदेशींच्या हौशी लोकांनीं हा नियम आपल्या घरच्या टेबलावर, बोटाएवढ्या यंत्रांच्या साहाय्यानें आणि पदरचे पैसे घालून शिकून घेतला. त्या शिक्षणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या विहिरीचें नांव बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या नांवानें कोणा एका गृहस्थानें, अथवा एखाद्या मंडळीनें, नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. हें नांव धारण करणारा कोण, हें अद्याप निश्चित झालेलें नाहीं. ३ जानेवारी २००९ रोजीं त्या निबंधांतील योजनेप्रमाणें जमाखर्चाच्या एका नव्या वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. आपल्या पेढीवरील खतावणी एका मुनिमाच्या हातीं असते आणि तिजवर मालकाची नजर असते. या वहीला ना मालक, ना मुनीम. तिची प्रत हव्या त्यानें आपल्या संगणकांत बाळगावी, तपासावी आणि पुढील पान लिहिण्याचा प्रयत्न करावा. परंतु पान लिहिण्याची मोकळीक सर्वांनाच दिली तर लबाडही लिहूं लागतील. यावर नाकामोतोनें काढलेला तोडगा असा कीं, जो कांहीं एक खर्चाचें आणि कष्टाचें काम करून दाखवील, त्यानेंच पान लिहावें.

हें काम कसलें? प्रत्येक पानाच्या शिरोभागीं इतर मजकुराबरोबर एक आंकडा लिहावयाचा असतो. तो सारा मजकूर ‘शा-२५६’ नांवाच्या गणिती घाण्यांतून दोन वेळां काढला म्हणजे एक प्रचंड संख्या बाहेर पडते. मजकुरांतील एक टिंब जरी बदललें तरी ती संख्या आमूलाग्र बदलते. नियम एवढाच कीं, ही संख्या एका ठराविक मर्यादेपेक्षां लहान आली पाहिजे. ती तशी यावी म्हणून कोणता आंकडा लिहावा, हें सांगणारें सूत्र नाहीं, युक्ति नाहीं, हुशार विद्यार्थ्याला येथें मंद विद्यार्थ्यापेक्षां एका गुणाचाही फायदा नाहीं. एक आंकडा घ्यावा, घाण्यांतून काढावा, फसला तर दुसरा घ्यावा. आंकड्यासाठीं राखलेल्या जागेंत सुमारें ४२९ कोटी निरनिराळ्या संख्या बसतात. त्या सर्व संपल्या तर पानांत किंचित् बदल करून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावयाची. शोधण्याला असे अफाट कष्ट, पण सांपडलेलें उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें मात्र दुसऱ्या कोणालाही क्षणांत पडताळतां येतें. ज्याला उत्तर सांपडेल त्याचें पान वहींत जातें आणि त्याला नवीं नाणीं मिळतात: आरंभीं ५०, आणि २८ नोव्हेंबर २०१२ पासून २५. नवें नाणें केवळ याच मार्गानें निघतें, म्हणून या उद्योगाला खाणकाम असें नांव पडलें. मातीची एक पाटीही कोठें उपसली जात नाहीं.

आतां मघांच्या खडकाकडे वळूं. वहीचें एक पान सरासरी दहा मिनिटांनीं लिहिलें जावें, अशी योजना आहे. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे दहा मिनिटांच्या हिशेबानें बरोबर चौदा दिवसांनीं, प्रत्येक संगणक मागील काळाचा आढावा घेतो. तेवढीं पानें अकराच दिवसांत लिहून झालीं असतील तर खणणारे वाढले, हें उघड आहे. मग ती मर्यादा त्या प्रमाणांत आणखी खालीं आणली जाते. या मापाला काठिण्य म्हणूं. काठिण्य ठरविणारा कोणी अधिकारी नाहीं, आणि म्हणून त्याच्याकडे अर्ज-विनंति करण्याचीही सोय नाहीं.

पहिल्या वर्षीं हें काम घरांतील साध्या संगणकावर होत असे. नाकामोतोच्या निबंधांत एक संगणक म्हणजे एक मत, अशा अर्थाची कल्पना आहे, आणि त्या वेळीं वस्तुस्थितीही तिच्याजवळ जाणारी होती. नाण्यांना मोल जवळजवळ नव्हतेंच; २२ मे २०१० रोजीं अमेरिकेंतील एका गृहस्थानें दहा हजार नाणीं देऊन दोन पिझ्झा घेतले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पण त्याच सालीं कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, खेळांतील चित्रें वेगानें हलविण्यासाठीं जीं ग्राफिक कार्डें बनवितात, तीं हें काम साध्या संगणकापेक्षां किती तरी पट वेगानें करतात. २०११ मध्यें जोडणी बदलतां येणाऱ्या चिपा आल्या. आणि जानेवारी २०१३ च्या अखेरीस अ‍ॅव्हलॉन नांवाचें यंत्र पहिल्या गिऱ्हाइकांच्या हातीं पडलें, त्याच्या पोटांत केवळ या एकाच गणितासाठीं घडविलेली चिप होती. अशा चिपेला एसिक म्हणतात. तिला पत्र लिहितां येत नाहीं, चित्र दाखवितां येत नाहीं, दोन आणि दोन यांची बेरीजही सांगतां येत नाहीं. ती जन्मभर एकच घाणा फिरवीत राहते. घरचा संगणक येथें शर्यतींतून बाद झाला.

अगदीं याच सुमारास दुसरीकडे, या साऱ्या व्यवहाराशीं कांहींही संबंध नसलेली एक वेगळी गोष्ट घडत होती. केंब्रिज विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅम लिहिण्याचा पूर्वींसारखा सराव राहिलेला नाहीं, हें तेथील कांहीं शिक्षकांच्या लक्षांत आलें होतें. १९८० नंतरच्या दशकांतील मुलें बीबीसी मायक्रोसारख्या स्वस्त संगणकाशीं झटापट करीत वाढलीं; पुढच्या पिढीच्या हातीं आलेले संगणक महाग, आणि उघडून पाहण्यास मना असलेले. यावर उपाय म्हणून एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं रास्पबेरी पाय हा एकाच पट्टीवर मावणारा संगणक तयार केला. आकारानें बँकेच्या कार्डाएवढा, किंमत ३५ डॉलर. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस निघाला त्या दिवशीं विक्रेत्यांचीं संकेतस्थळें गर्दीनें कोलमडलीं, आणि २०१३ साल संपण्यापूर्वीं वीस लाखांहून अधिक नग खपले. हा संगणक मुलांसाठीं बनविला होता. तो खाणीवर कामाला लागेल, असें त्याच्या जनकांच्या स्वप्नांतही नसावें.

त्याला खाणीवर नेलें तें ब्लॉक इरप्टर नांवाच्या कांडीनें. २०१३ च्या मे-जूनमध्यें एसिकमायनर या चिनी मंडळीनें ती बाजारांत आणली. संगणकाच्या यूएसबी तोंडांत खुपसावयाची, खडूच्या कांडीहून फारशी मोठी नसलेली ही वस्तु. आंत एकच चिप, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारें ३३ कोटी ३० लाख प्रयत्न. मघां सांगितलेल्या ४२९ कोटी संख्या ती तेरा सेकंदांत पालथ्या घाली. यासाठीं तिला वीज लागे अवघी अडीच वॅट. हा अडीचचा आंकडा योगायोगाचा नव्हे. यूएसबीच्या जुन्या नियमाप्रमाणें एका तोंडांतून पांच व्होल्ट दाबानें अर्धा अँपियर प्रवाह घेण्याची मुभा असते. पांच गुणिलें अर्धा म्हणजे अडीच. घरांतील कोणत्याही संगणकाला ती सोसवावी अशाच मापानें ती कांडी कांतलेली होती.

तरीही ती घरच्या मोठ्या संगणकाला लावणें शहाणपणाचें नव्हतें. तो संगणक रात्रंदिवस चालू ठेवला तर शंभर वॅट खाणार, आणि त्याला लावलेली कांडी अडीच वॅटांचें काम करणार. म्हणजे एका कारकुनाच्या देखरेखीसाठीं चाळीस पहारेकरी नेमण्यासारखें झालें. शिवाय खरें गणित कांडीच करीत असल्यामुळें वरच्या संगणकाला काम असतें तें केवळ निरोप्याचें. इंटरनेटवरून कामाचा कागद आणावयाचा, कांडीला द्यावयाचा, तिला कांहीं सांपडलें तर उत्तर परत पोंचवावयाचें. २०१२ च्या अखेरीस स्ट्रॅटम नांवाची निरोपांची नवी पद्धत रूढ होऊं लागली होती. तिच्यामुळें दर तेरा सेकंदांनीं नवा कागद मागण्याचें कारण उरलें नाहीं, आणि निरोप्याचें काम आणखीच हलकें झालें. रास्पबेरी पायला पूर्ण कामावर असतांनाही सुमारें साडेतीन वॅटच लागत. हें गणित करण्यांत तो स्वतः कांडीच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही समर्थ नव्हता. पण निरोप्या म्हणून त्याच्याहून योग्य नोकर मिळाला नसता.

मांडणीची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे, कारण हौशी मनुष्याची खरी शाळा तेथेंच भरली. पायच्या मॉडेल बी या नमुन्याला यूएसबीचीं तोंडें दोनच. पहिल्या आवृत्तींत तर प्रत्येक तोंडावर १४० मिलिअँपियरला अडविणारा फ्यूज बसविलेला होता; कांडीला हवे ५०० मिलिअँपियर. सरळ लावली तर कांडी उपाशी, आणि पाय मध्येंच झोपी जाणार. म्हणून स्वतःची वीज स्वतंत्रपणें घेणारा दहा तोंडांचा यूएसबी हब आणावा लागे. दहा कांड्या म्हणजे २५ वॅट, पांच व्होल्टांवर पांच अँपियर. बाजारांतील पुष्कळ हबांना दहा तोंडें असत, परंतु सोबत दिलेलें वीजयंत्र दोन किंवा तीन अँपियरांचेंच असे. विक्रेत्यानें गृहीत धरलेलें असे कीं दहाही तोंडांवर कोणी एकदम जेवावयास बसणार नाहीं. येथें तर सर्वच पाहुणे भुकेले. मग कोणी सहा कांड्यांवर समाधान मानी, कोणी जाड वीजयंत्र शोधून आणी. पुढें उष्णतेचा प्रश्न. ती एवढीशी कांडी हात लावूं नये इतकी तापे, आणि दहा शेजारीं शेजारीं उभ्या केल्या तर एकमेकींना भाजीत. यावर उपाय म्हणून यूएसबीवरच चालणारा लहान पंखा त्याच हबाच्या एका तोंडांत खोंचीत. म्हणजे एक तोंड वाऱ्याला गेलें.

पायच्या कार्डावर लिनक्स ही प्रणाली चढवावयाची, आणि तिच्यावर सीजीमायनर अथवा बीएफजीमायनर हा प्रोग्रॅम. यांतील सीजीमायनरचा कर्ता कॉन कोलिव्हस हा व्यवसायानें ऑस्ट्रेलियांतील भूल देणारा डॉक्टर. रोग्यांना झोपविणाऱ्या मनुष्यानें यंत्रांना जागें ठेवणारा प्रोग्रॅम लिहावा, यांत मला तरी मोठी मौज वाटते. ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठीं माइनपीऑन नांवाची तयार प्रणालीही मिळत असे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट या संस्थेनें २०१३ मध्यें या साऱ्या मांडणीचा सचित्र पाठ प्रसिद्ध केला. त्यांत पायच्या डोक्यावर दोन ओळींचा लहान पडदा बसवून कांड्यांचा वेग आणि मिळकत पाहण्याची सोय होती. ज्यांनीं हे पाठ गिरविले, त्यांना व्होल्ट, अँपियर आणि वॅट यांचा संबंध पुन्हां कोणी समजावून देण्याची गरज पडली नसेल. माझ्या वर्गांत तो समजावण्यास मला दोन आठवडे लागत.

आतां मिळकतीकडे येऊं. जून २०१३ च्या पहिल्या आठवड्यांत काठिण्याचा आंकडा सुमारें १ कोटी ५६ लाख होता. याचा अर्थ, एका कांडीनें एकटीनें शोध चालविला तर सरासरीनें एक पान सांपडण्यास तिला सुमारें सहा वर्षें आणि चार महिने लागावे. इतकी वाट कोण पाहणार? म्हणून एकाकी शोध घेण्याऐवजीं पुष्कळांनीं मिळून शोधावें, आणि ज्याला सांपडेल त्यानें नाणीं कामाच्या प्रमाणांत सर्वांना वांटावीं, अशी वाटेकरीची पद्धत २०१० च्या अखेरपासूनच सुरू झाली होती. प्रागमधील मारेक पलातिनुस यांनीं चालविलेला ‘स्लश पूल’ हा या प्रकारचा पहिला संघ. संघांत शिरलें म्हणजे कांडीला रोज नाण्याचा कांहीं अंश मिळे, आणि मालकाच्या मनाला हुरूप येई.

पण या सोयीची किंमत काय होती, हें फारच थोड्यांच्या लक्षांत आलें. नाकामोतोच्या योजनेंत वहींत काय लिहावें हें प्रत्येक खणणारा स्वतः ठरवी. संघाच्या पद्धतींत पानाचा मजकूर संघाचा चालक ठरवून पाठवी, आणि कांडीवाला केवळ आपलें मनगट भाड्यानें देई. पायजवळ वहीची प्रतसुद्धां नसे. घराघरांत मत पोंचल्यासारखें दिसत होतें, पण घरीं पोंचला होता तो केवळ घाण्याचा दांडा.

हिशेब पुढें चालवूं. वर्षाला २५ नाण्यांचा सहावा-सातवा हिस्सा, म्हणजे जूनच्या काठिण्यानें एका कांडीला वर्षाकांठीं चारांस थोडीं कमी नाणीं. कांडीची किंमत आरंभीं सुमारें दोन नाणीं. ती किंमत डॉलरांत नव्हे, नाण्यांतच सांगितली जाई, हें आपण कृपा करून ध्यानांत ठेवावें. वर्षाला जवळजवळ चार मिळणार आणि दोन द्यावयाचीं, तेव्हां सहा महिन्यांत मुद्दल परत आणि पुढें सर्व नफा! शाळेंतील त्रैराशिकाप्रमाणें हें उत्तर निर्दोष आहे. परीक्षेंत याला पूर्ण गुण द्यावे लागतील.

दोष आहे तो गृहीत धरलेल्या गोष्टींत. खडक तसाच राहील, असें यांत मानलें आहे. तो राहिला नाहीं. जूनच्या मध्यास काठिण्य १ कोटी ९३ लाख झालें. ऑगस्टच्या मध्यास ५ कोटी ८ लाख. सप्टेंबरच्या मध्यास ११ कोटी २६ लाख. नोव्हेंबरच्या आरंभीं ५१ कोटी, आणि २१ डिसेंबर २०१३ रोजीं ११८ कोटी. साडेसहा महिन्यांत पंचाहत्तर पट! कांडी तीच, तिचा वेग तोच, वीज तितकीच. पण जूनमध्यें ज्या पानासाठीं तिला सव्वासहा वर्षांच्या वर लागलीं असतीं, त्यासाठीं आतां ४८० वर्षें हवीं होतीं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत घेतलेली कांडी एक दिवसही न थांबवितां वर्षअखेरपर्यंत चालविली, तर त्या त्या पंधरवड्याचें काठिण्य धरून मी काढलेली बेरीज नाण्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येते. त्यांतलीही निम्म्याहून अधिक प्राप्ति पहिल्या दोन महिन्यांतली. दोन नाणीं दिलीं, दोन-तृतीयांश परत आलें. बाकीचें येण्याची आशा डिसेंबरांत संपली.

येथें कोणी म्हणेल कीं त्या वेळच्या कांडीवाल्यांना नफा झाला, हें तर सर्वांस ठाऊक आहे. होय, झाला. जूनच्या आरंभीं एका नाण्याला सुमारें १२० डॉलर पडत. दोन नाण्यांची कांडी म्हणजे २४० डॉलरांची. नोव्हेंबरच्या अखेरीस एका नाण्याचा भाव एक हजार डॉलरांवर गेला, आणि दोन-तृतीयांश नाणें साडेसहाशें डॉलरांहून मोलाचें झालें. २४० चे साडेसहाशें! घरांतील माणसांनीं पाठ थोपटली असेल. परंतु त्याच गृहस्थानें कांडी न घेतां तीं दोन नाणीं कपाटांत ठेवलीं असतीं तर त्यांचे दोन हजारांहून अधिक झाले असते. मिळालेला नफा नाण्याचा होता. कांडीनें त्यांत दोन-तृतीयांश घट आणली. यंत्र दिव्यासारखें डोळ्यांसमोर जळत असतें, पंखा घूं घूं करीत असतो, पडद्यावर आंकडे वाढत असतात, म्हणून मनुष्य मिळकतीचें श्रेय यंत्राला देतो. भाववाढीला आवाज नसतो. हा घोटाळा त्या काळीं शिकल्या-सवरलेल्या, हिशेबांत पक्क्या असलेल्या लोकांचाही झाला, आणि याचें कारण मला असें दिसतें कीं दोन निरनिराळीं मापें एकाच तराजूंत घातलीं गेलीं.

विकणाऱ्यांचा हिशेब मात्र चोख होता. एसिकमायनर स्वतःही मोठ्या प्रमाणावर खाणकाम करीत असे, आणि चिपेचें भवितव्य त्याला गिऱ्हाइकापेक्षां अधिक स्पष्ट दिसत असावें. कांडीची किंमत पहिल्या दोनतीन महिन्यांतच निम्म्याच्या खालीं आली. ही फसवणूक होती असें मी म्हणणार नाहीं. काठिण्याचे आंकडे सर्वांसमोर उघडे होते. प्रत्यक्ष फसवणुकीचे आरोप झाले ते दुसऱ्या प्रकारच्या विक्रीवर, जेथें पैसे आगाऊ घेऊन यंत्रें महिनोन्महिने पोंचविलींच गेलीं नाहींत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें सप्टेंबर २०१४ मध्यें बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीविरुद्ध याच कारणावरून न्यायालयांत धांव घेतली. ज्या मालाचें मोल दर पंधरवड्याला घटतें, तो उशिरां देणें म्हणजे जवळजवळ न देण्यासारखेंच असतें.

आपल्याकडे, मुंबईहून, रिझर्व्ह बँकेनें २४ डिसेंबर २०१३ रोजीं असल्या चलनांपासून सावध राहण्याची पहिली जाहीर सूचना काढली. योगायोग असा कीं काठिण्यानें ११८ कोटींचा टप्पा गांठल्याला त्या दिवशीं तीनच दिवस झाले होते. त्या सूचनेंत भावाच्या चढउतारांची आणि चोरीच्या धोक्याची गोष्ट होती. पुढें ६ एप्रिल २०१८ चें रिझर्व्ह बँकेचें बंधन आणि तें रद्द ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२० चा निकाल हा भाग निराळा. त्यांत शिरण्याचें आज प्रयोजन नाहीं.

२०१४ साल कांड्यांच्या निर्वाणाचें. बिटमेन या चिनी कंपनीची अँटमायनर यू-१ ही कांडी सेकंदाला १६० कोटी प्रयत्न करी, म्हणजे जुनीच्या जवळजवळ पांचपट; पण खडकाच्या पुढें पांचपट ती काय! वर्षअखेरीस काठिण्य चार हजार कोटींच्या घरांत गेलें आणि नाण्याचा भाव सव्वातीनशें डॉलरांपर्यंत उतरला. जुनी ब्लॉक इरप्टर तेव्हां दिवसाकांठीं सेंटाचा सातवा-आठवा हिस्सा कमावीत असे. तिला रोज लागणारी वीज ६० वॅट-तास. अमेरिकेंतील घरगुती दर युनिटला सुमारें बारा सेंट धरला तर पाऊण सेंटास थोडी कमी. म्हणजे उत्पन्नाच्या पांचपट बिल, आणि त्यांत पाय, हब व पंखा यांची वीज धरलेली नाहीं. खाणकाम आतां स्वस्त विजेच्या शोधांत धरणांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या शेजारीं, मोठमोठ्या छपरांखालीं गेलें.

आपल्या सराफकट्ट्यावर पूर्वीं झारेकरी येत. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यावी, पाण्यांत धुवावी, आणि तींत सांपडलेला सोन्याचा कण विकून पोट भरावें, हा त्यांचा धंदा. धुळीचा भाव काय द्यावा आणि किती धुतल्यावर थांबावें, हें त्यांना अचूक कळे. न कळेल तर चूल पेटत नसे. कांडीवाल्यांपुढें हीच दोन कोडीं होतीं. पण त्यांची चूल कांडीवर अवलंबून नव्हती, म्हणून कित्येकांनीं वेळेवर थांबण्याचा विचारच केला नाहीं. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाहीं. कित्येकांनीं आरंभापासून हा खेळ म्हणूनच खेळला होता, आणि खेळावर झालेल्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाहीं. वाईट एवढेंच कीं विकत घेतांना पुष्कळांना तो खेळ आहे असें सांगितलें गेलें नव्हतें.

कांड्या त्यानंतरही निघतच राहिल्या. अमेरिकेंतील गेकोसायन्स यांची २०२१ मधील कॉम्पॅक एफ ही कांडी सेकंदाला तीस हजार कोटींच्या आसपास प्रयत्न करूं शके, जुन्या कांडीच्या सुमारें नऊशें पट. जून २०१३ पासून २०२१ च्या अखेरपर्यंत काठिण्य मात्र पंधरा लाख पट झालें होतें. अशा कांड्या घेणारे लोक मिळकतीची गोष्ट बोलत नाहींत. ते संघांतही शिरत नाहींत. एकट्यानें शोध चालवितात, सोडतीचें तिकीट घेतल्यासारखा. एप्रिल २०२४ पासून एका पानाला ३.१२५ नाणीं मिळूं लागलीं, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत काठिण्यानें शंभर लाख कोटींची मर्यादा ओलांडली. २०१३ ची ब्लॉक इरप्टर त्या दिवशीं कोणी पेटींतून काढून लावली असती, तर एका पानासाठीं तिला सरासरी चार कोटी वर्षें लागलीं असतीं.

आणि रास्पबेरी पाय? त्याच्या पुढील पिढ्या अधिक सशक्त निघाल्या. २०१९ च्या चौथ्या पिढीपासून तर घराघरांतील हौशी लोक त्याला एक मोठी डिस्क जोडून संपूर्ण वहीच त्याच्यावर ठेवूं लागले. २०२४ मध्यें ही वही पांचशें गिगाबाइटांहून मोठी झाली होती. नवें पान आलें कीं पाय त्यांतील प्रत्येक नोंद स्वतः तपासतो, नियमांत बसत नसेल तर तें पान नाकारतो, मग तें लिहिणारा कितीही मोठा कारखानदार असो. २०१३ मध्यें कांड्यांचा निरोप्या असतांना वहीचें एकही पान त्याच्यापाशीं नसे. आतां तो ती पहिल्या पानापासून वाचतो. या कामाबद्दल त्याला एक नाणेंही मिळत नाहीं, आणि महिन्याला विजेचीं तीनचार युनिटें लागतात.